वाढत्या मुलींच्या कॅल्शियमचा हिशेब कुठे चुकतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य पुरवणीत हाडांचा विषय निघाला की चर्चा होते ती पाळी गेलेल्या बायकांची. ती व्हायलाच हवी. पण त्या वयात हाती उरतं ते आहे ते हाड सांभाळणं, फार तर झीज मंद करणं. हाड घडतं त्याच्या चाळीस वर्षं आधी, साधारण नऊ ते पंधरा या वयात. मुलींच्या आहारावरच्या लेखांत या वर्षांच्या वाट्याला 'दूध घ्या, हिरव्या पालेभाज्या भरपूर खा' एवढी एक ओळ येते आणि तिच्याखाली शंभर ग्रॅममागे किती मिलीग्रॅम हे सांगणारा तक्ता. या तक्त्याने वाचकांची दिशाभूल कशी होते आणि मुलीच्या रोजच्या खाण्यात नेमकं काय बघावं, हे लिहिण्यासाठी हा पत्रप्रपंच.

शरीरातल्या कॅल्शियमपैकी ९९ टक्के हाडांत आणि दातांत असतं. जन्माच्या वेळी बाळाच्या अंगात ते २५ ते ३० ग्रॅम असतं, प्रौढ स्त्रीच्या अंगात एक किलोच्या आसपास. मधली सगळी भर खाण्यातून पडते, पण ती दरवर्षी सारखी पडत नाही. कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठात १९९१ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत त्याच त्या मुलामुलींची हाडं वर्षानुवर्षं मोजली गेली. मुलींच्या हाडांत खनिज सर्वांत वेगाने भरतं ते सरासरी साडेबाराव्या वर्षी, मुलांमध्ये चौदाव्या. त्या शिखराच्या काळात मुलीच्या सांगाड्यात रोज सरासरी २८४ मिलीग्रॅम कॅल्शियम जमा होत होतं. वर्षाचा गुणाकार केला तर शंभर ग्रॅमहून अधिक, म्हणजे आयुष्यभराच्या साठ्याचा साधारण दहावा हिस्सा एका वर्षात. शिखराच्या मागची-पुढची मिळून दोन वर्षं घेतली, तर प्रौढपणीच्या हाडातल्या खनिजाचा जवळजवळ चौथा भाग तेवढ्यात बसतो. बहुतेक मुलींची पहिली पाळी याच सुमारास येते. पाळी सुरू झाली, आता वाढ संपली, असा समज करून नेमकं या वेळी खाण्याकडे दुर्लक्ष होतं.

याच पाहणीतली आणखी एक बाब सांगण्याजोगी आहे. उंचीचा वेग आधी शिखराला पोहोचतो, खनिज भरण्याचा वेग सात-आठ महिन्यांनी. मधल्या काळात हाड लांब झालेलं असतं, पण पुरेसं भरलेलं नसतं. मुलींमध्ये मनगटाजवळचं हाड मोडण्याचं प्रमाण अकरा-बाराव्या वर्षाच्या आसपास वाढतं, त्यामागचं हे एक कारण. अशा वेळी 'खेळताना पडली, मोडलं' म्हणून प्लास्टर घातलं जातं आणि विषय तिथेच मिटतो. हाड मोडलेल्या प्रत्येक मुलीची हाडं कमकुवत असतात असं मुळीच नाही. तरी त्या निमित्ताने ती दिवसभरात काय खाते याची चौकशी करायला पाच मिनिटं लागतात.

एक गोष्ट आधीच मान्य करून पुढे जाऊ. हाडांची घनता मुख्यतः आनुवंशिक असते. व्यक्ती-व्यक्तींमधल्या फरकातला ६० ते ८० टक्के वाटा जनुकांचा मानला जातो. खाण्याने आणि व्यायामाने जे हलवता येतं ते उरलेल्या भागात. तेवढ्यासाठी हा खटाटोप आहे आणि तो करण्यासारखा आहे.

किती लागतं? अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये ९ ते १८ वयासाठी रोज १३०० मिलीग्रॅमची शिफारस कायम ठेवली. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये ११ ते १७ वयासाठी ११५० सांगितलं. ब्रिटनमध्ये ११ ते १८ वयाच्या मुलींसाठीचा आकडा ८०० आहे. इतका फरक पाहून वाचक गोंधळतात, आणि 'तज्ज्ञांचंच एकमत नाही' म्हणून आकडा सोडून देणारेही असतात. फरकाचं कारण मोजण्याच्या रीतीत आहे. १३०० या आकड्यामागचं गणित ढोबळमानाने असं: या सगळ्या वर्षांची सरासरी काढली तर हाडांत रोज दोनशेहून थोडं अधिक मिलीग्रॅम बसतं. लघवी, शौच आणि घाम या तीन वाटांनी रोज पावणेतीनशेच्या आसपास बाहेर जातं. बेरीज पावणेपाचशेच्या वर. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी या वयात एक तृतीयांशाहून थोडं जास्त शोषलं जातं, म्हणून ताटात साधारण तेराशे असावं लागतं. दुसरं टोकही ठाऊक असावं. पोषणाच्या अभावी होणाऱ्या मुडदुसावर (वाढत्या मुलांची हाडं मऊ होऊन वाकण्याच्या आजारावर) २०१६ मध्ये जागतिक तज्ज्ञगटाने काढलेल्या एकमताच्या निवेदनानुसार, आहारातलं कॅल्शियम रोज ३०० मिलीग्रॅमच्या खाली गेलं की मुडदुसाचा धोका वाढतो, ड जीवनसत्त्व ठीक असलं तरी. नायजेरियातल्या मुडदूस झालेल्या मुलांवर झालेला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याला पुष्टी देतो: ती मुलं नुसत्या ड जीवनसत्त्वापेक्षा कॅल्शियमने जास्त सुधारली. व्यवहारात मी तेराशेला लक्ष्य मानते आणि पाचशेला धोक्याची रेषा. रोज नऊशे-हजार मिळवणाऱ्या मुलीच्या आईची झोप उडवण्याचं कारण नाही. तीनशे-चारशेवर असलेल्या मुलीकडे मात्र लगेच बघायला हवं.

आता तक्त्याकडे वळू. शंभर ग्रॅमच्या तक्त्यात सर्वांत वर असतात वाळवलेल्या पानांची पूड, तीळ असे पदार्थ. सालासकट तिळात शंभर ग्रॅममागे ९७५ मिलीग्रॅम कॅल्शियम असतं हे खरं. पण शंभर ग्रॅम तीळ कोण खातं? एका मोठ्या चमच्यात साधारण नऊ ग्रॅम तीळ बसतात. त्यात नव्वदच्या आत मिलीग्रॅम. त्यातलं बरंचसं सालात, ऑक्झलेटशी (कॅल्शियमला जखडून ठेवणाऱ्या एका वनस्पतिजन्य घटकाशी) बांधलेलं असतं, आणि साल काढलेल्या पांढऱ्या तिळात मूळ आकड्याचा थोडाच भाग उरतो. तक्ता दुधासमोर १२० लिहितो, म्हणून दूध तिळापेक्षा आठपट गरीब वाटतं. प्रत्यक्षात दूध पेल्याने प्यायलं जातं. २४० मिलिलिटरच्या पेल्यात जवळजवळ तीनशे मिलीग्रॅम होतात.

दुसरा घोळ शोषणाचा, आणि तो जास्त मोठा आहे. रॉबर्ट हीनी आणि कॉनी वीव्हर यांनी १९८८ मध्ये शरीरात माग काढता येईल असं खूण केलेलं कॅल्शियम वापरून दूध आणि पालक यांची तुलना केली. दुधातलं सुमारे २८ टक्के शोषलं गेलं, पालकातलं ५ टक्के. पालकातलं कॅल्शियम ऑक्झलेटशी इतकं घट्ट बांधलेलं असतं की आतड्याला ते सुटं करता येत नाही. भाजी उकळून पाणी टाकलं तर विरघळणारं ऑक्झलेट काही प्रमाणात निघून जातं, पण आधीच जखडलेलं कॅल्शियम जखडलेलंच राहतं. एक पेला दुधातून जेवढं शरीरात जातं तेवढ्यासाठी शिजवलेला पालक सुमारे आठ कप लागेल. राजगिऱ्याची आणि बीटची पानंही याच वर्गातली. उलट कोबीच्या कुळातल्या भाज्यांत, म्हणजे ब्रोकोली, केल, चिनी कोबी यांत ऑक्झलेट कमी असतं आणि त्यांतलं कॅल्शियम दुधाहूनही चांगलं, ४० ते ६० टक्क्यांपर्यंत शोषलं जातं. तेव्हा 'हिरव्या पालेभाज्या' हा एकच रकाना करणं चूक आहे. पालक लोहासाठी नसला तरी फोलेटसाठी, तंतूंसाठी जरूर खावा. कॅल्शियमच्या बेरजेत मात्र तो शून्यच धरावा.

धान्य, कडधान्य आणि सुक्यामेव्यात फायटेट हा कॅल्शियमला बांधून ठेवणारा घटक आडवा येतो. तो भिजवण्याने, मोड आणण्याने आणि आंबवण्याने बऱ्यापैकी कमी होतो. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास मिलीग्रॅम असतात, इतर धान्यांच्या मानाने कितीतरी जास्त. पण ती मोड आणून किंवा आंबवून वापरली तर त्याचा खरा उपयोग. बदामातलं साधारण एक पंचमांश कॅल्शियम शोषलं जातं. मूठभर, म्हणजे २८ ग्रॅम बदामांत पंचाहत्तर मिलीग्रॅम असतात. रोज रात्री भिजवलेले चार बदाम खाऊन 'कॅल्शियमची काळजी मिटली' असं मानणाऱ्या घरांत चार बदामांचे जेमतेम तेरा-चौदा मिलीग्रॅम मोजावेत.

म्हणून संपादकांना विनंती अशी, की यापुढे तक्ता छापताना तीन रकाने द्यावेत: माणूस एका वेळी खातो तेवढं प्रमाण, त्यातलं एकूण कॅल्शियम, आणि त्यातलं शोषलं जाणारं. जागा कमी असेल तर शंभर ग्रॅमचा रकाना सरळ काढून टाकावा.

मुलीच्या दिवसाची बेरीज आता घरीच करून बघता येईल. दूध एक पेला, ३००. दही दीडशे ग्रॅम, १८० ते २००. घट्ट चीज तीस ग्रॅम, साधारण २००. बाकीचं सगळं जेवण, धान्य-डाळी-भाज्या-फळं मिळून, २०० ते ३००. इथे नऊशे ते हजार झाले. आणखी एक पेला दूध आलं की बारा-तेराशे. सकाळी एक पेला, दुपारी दही, संध्याकाळी एक पेला आणि कधी चीज, इतकं ते सोपं आहे. सकाळचा नाश्ता गाळणाऱ्या मुलींमध्ये ही बेरीज सर्वांत आधी कोसळते, कारण दूध बहुतेक घरांत नाश्त्याशीच बांधलेलं असतं. चहा-कॉफीत पडणारं दूधही मोजायला हरकत नाही. पन्नास मिलिलिटर असेल तर साठ मिलीग्रॅम.

साय काढलेल्या दुधात कॅल्शियम कमी नसतं, उलट किंचित जास्तच असतं. ते दुधाच्या पाणीदार भागात असतं, स्निग्धात नव्हे. म्हणूनच लोणी, तूप, साय यांतून कॅल्शियम जवळजवळ मिळत नाही. वजनाच्या धास्तीने दूध सोडणाऱ्या मुलीला हे सांगावं: साय काढलेल्या पेलाभर दुधात साधारण ८५ कॅलरी असतात. उकळल्याने कॅल्शियम नष्ट होत नाही, ते खनिज आहे. दूध आंबट पदार्थाने नासवून ताजं चीज किंवा पनीर केलं तर मात्र आम्लामुळे त्यातला काही भाग सुटा होऊन पाण्यात उतरतो. ते पाणी फेकू नये. पीठ मळायला, भाजी-डाळ शिजवायला वापरावं. दुधात घालायच्या पुड्यांच्या डब्यावर दोन रकाने असतात, नुसत्या पुडीचा आणि 'दुधासह'. जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा दुसऱ्यातला असतो आणि त्यातला मोठा वाटा दुधाचाच.

टक्केवारीही सावधपणे वाचावी. अमेरिकेच्या २०१६ च्या नियमांनुसार लेबलवरचे शंभर टक्के म्हणजे १३०० मिलीग्रॅम, युरोपात ८००. 'पंधरा टक्के कॅल्शियम' याचा अर्थ एका ठिकाणी १९५ होतो, दुसऱ्या ठिकाणी १२०. टक्के सोडावेत, मिलीग्रॅम बघावेत.

दूध पचत नाही म्हणणाऱ्या सगळ्यांना ते पूर्ण बंद करण्याची गरज नसते. लॅक्टोज पचवण्याची क्षमता कमी असली तरी बहुतेकांना बारा ग्रॅमपर्यंत, म्हणजे एक पेल्यातलं लॅक्टोज एका वेळी, विशेषतः जेवणासोबत, चालतं. उपाशी पोटी गटागटा पिण्याने त्रास होतो तो अर्ध्या-अर्ध्या पेल्यात विभागून जेवणाबरोबर घेतल्यावर होईलच असं नाही. दह्यातले जिवाणू लॅक्टोज पचवायला मदत करतात, आणि मुरवलेल्या घट्ट चीजमध्ये ते जवळजवळ नसतंच. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी ही पूर्ण वेगळी गोष्ट. अंगावर गांधी, ओठ सुजणं, श्वास लागणं असं झालं तर दूध, दही, चीज सगळंच टाळायचं आणि डॉक्टरांकडे जायचं.

ज्या घरांत दुधाचे पदार्थ खाल्लेच जात नाहीत, तिथे हिशेब जास्त काळजीने करावा लागतो. सोयाचं टोफू घेताना ते कशाने गोठवलंय ते पाहावं. कॅल्शियम सल्फेटने गोठवलेल्या घट्ट टोफूत शंभर ग्रॅमला साडेतीनशेपर्यंत मिळतं, मॅग्नेशियम क्लोराइडने गोठवलेल्यात बरंच कमी. सोया किंवा इतर वनस्पतींची पेयं कॅल्शियम घातलेली असतील तरच मोजावीत. नुसत्या बदामाच्या किंवा तांदळाच्या पेयात नाव घेण्याइतकं काही नसतं. घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. न हलवता ओतलं तर वरचं पाणी प्यायलं जातं आणि खनिज खोक्यात राहतं, तेव्हा प्रत्येक वेळी जोरात हलवून घ्यावं. मासे खाणाऱ्यांसाठी काट्यांसकट खाता येणारे छोटे मासे उत्तम. डबाबंद सार्डिनमध्ये शंभर ग्रॅमला पावणेचारशेच्या पुढे मिळतं, पण ते काट्यांत असतं. काटे काढले की कॅल्शियमही गेलं.

'एवढ्या भानगडीपेक्षा गोळी का नको?' हा प्रश्न येणारच. गोळ्यांवरचा पुरावा समजून घ्यायला हवा. १९९२ मध्ये एकसारख्या जुळ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा ते चौदा वयाच्या जोडीतल्या एकाला तीन वर्षं रोज १००० मिलीग्रॅम कॅल्शियम दिलं, दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली दिखाऊ गोळी. वयात न आलेल्यांच्या हाडांत फरक दिसला, वयात आलेल्यांत नाही, आणि गोळी थांबल्यावर मिळालेला फायदाही पुढे विरला. त्या मुलांना आहारातूनच रोज नऊशेच्या आसपास मिळत होतं हे विसरू नये. २००६ मध्ये १९ चाचण्या आणि २८५९ मुलं एकत्र घेऊन केलेल्या विश्लेषणातही कमरेच्या मणक्यांवर आणि मांडीच्या हाडाच्या मानेवर परिणाम दिसला नाही. हाताच्या हाडांवर थोडासा दिसला, अस्थिभंग टळावेत इतका नव्हे. मात्र पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात, जिथे मुलांना आहारातून चारशेच्याही आत मिळत होतं, तिथे गोळ्यांनी हातातल्या हाडाचं खनिज वाढलं. यातून मला निघणारा अर्थ साधा आहे: पुरेसं मिळणाऱ्या मुलीला वरून गोळी देऊन काही साधत नाही. फारच कमी मिळणाऱ्या मुलीला ती उपयोगी पडते.

द्यावीच लागली तर काही गोष्टी पाळाव्यात. पाकिटावरचं वजन क्षाराचं आहे की मूळ कॅल्शियमचं ते बघावं. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम असतं, म्हणजे १२५० मिलीग्रॅमच्या गोळीत ५००. सायट्रेटमध्ये २१ टक्के, ग्लुकोनेटमध्ये फक्त ९. कार्बोनेटला विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणासोबत घ्यावं. सायट्रेट केव्हाही चालतं. एका वेळी पाचशेहून जास्त घेतलं तर वरचं बरंचसं वाया जातं. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र कधीच देऊ नये, निदान दोन तासांचं अंतर ठेवावं. पाळी सुरू झालेल्या मुलींना दोन्हींची गरज असल्याने ही चूक सर्रास होते, एकाच घोटात दोन्ही गिळल्या जातात. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब, आणि टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविकं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. बद्धकोष्ठता झाली तर कार्बोनेटऐवजी सायट्रेट बघावं. अन्न आणि गोळ्या मिळून या वयाची वरची मर्यादा ३००० मिलीग्रॅम आहे. बाकी नखांवरचे पांढरे ठिपके कॅल्शियमच्या कमतरतेने येतात ही समजूत निराधार आहे, ते नखाच्या मुळाला लागलेल्या बारीक माराचे असतात. रात्री दोन्ही पोटऱ्या दुखणं हेही गोळी सुरू करण्याचं कारण नाही. आणि कॅल्शियमने उंची वाढत नाही, जाहिरातीतली मुलगी कितीही उंच उडी मारो.

मिळालेलं कॅल्शियम बाहेर नेणाऱ्यांत मीठ सर्वांत पुढे. साधारण सहा ग्रॅम मिठामागे लघवीतून चाळीसेक मिलीग्रॅम कॅल्शियम जादा जातं. आकडा लहान दिसतो, पण शोषणाचं प्रमाण धरलं तर त्याच्या भरपाईला ताटात शंभरहून अधिक लागतं. पाकीटबंद खारे पदार्थ रोज खाणाऱ्या मुलीत ही गळती रोजचीच. कोलाबद्दल फॉस्फोरिक आम्लाला दोष दिला जातो, पण खरं नुकसान सरळ आहे: कोला ज्या पेल्यात ओतला गेला त्यात दूध असायला हवं होतं. कॉफीतल्या कॅफीनने होणारा तोटा दोन चमचे दुधाने भरून निघतो.

ड जीवनसत्त्वाशिवाय हे सगळं फोल. ते कमी असलं तर आतडं कॅल्शियमपैकी १० ते १५ टक्केच उचलतं. रोज ६०० आंतरराष्ट्रीय एकक ही या वयाची शिफारस, ४००० ही वरची मर्यादा. त्वचेत ते बनवणारे अतिनील ब किरण काचेतून आत येत नाहीत, त्यामुळे खिडकीतल्या उन्हात बसून उपयोग नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन कामाचं, आणि सावळ्या त्वचेला ते जास्त वेळ लागतं. आठवड्यातून एकदा घ्यायची मोठ्या मात्रेची गोळी गैरसमजाने रोज घेतली जाते आणि रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीला जातं. पाकिटावर वार लिहून ठेवावा.

व्यायामाविषयी पुरवण्या बोलतात तेव्हा चालणं आणि पोहणं सुचवतात. पोहणं फुप्फुसांना चांगलं, पण पाण्यात हाडावर भार येत नाही. सायकलचंही तसंच. हाड जाडं होतं ते धक्क्याने, आणि धक्का जितका झपकन आणि वेगवेगळ्या दिशांनी बसेल तितकं बरं. टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या फिनलंडमधल्या स्त्रियांच्या १९९५ च्या अभ्यासात खेळणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा भरलेलं आढळलं, आणि पहिल्या पाळीच्या आधी किंवा त्या सुमारास खेळायला लागलेल्यांत हा फरक उशिरा सुरू केलेल्यांच्या सुमारे दुप्पट होता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वयात न आलेल्या मुलांनी ६१ सेंटिमीटर उंच खोक्यावरून आठवड्यातून तीनदा शंभर उड्या मारल्या. सात महिन्यांनी त्यांच्या खुब्याच्या आणि कण्याच्या हाडांत फरक दिसला. घरी खोकी आणायची गरज नाही. दोरीवरच्या उड्या, लंगडी, पकडापकडी, बास्केटबॉल, नाच, काहीही चालेल. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं की हाडातल्या पेशी काही डझन धक्क्यांनंतर प्रतिसाद देणं थांबवतात आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा तयार होतात. म्हणून एकदम तासभरापेक्षा सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं उपयोगी.

या सगळ्यावर पाणी फिरवणारी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. ती म्हणजे मुलीचं पोटभर न खाणं. बारीक होण्यासाठी, नृत्यासाठी, वजनगटातल्या खेळासाठी मुली जेवण तोडतात. मिळणारी ऊर्जा खर्चापेक्षा खूप कमी झाली की शरीर आधी पाळी थांबवतं, हाड जपणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक घसरतं, आणि हाड भरण्याच्या वर्षांतच झिजायला लागतं. अशा वेळी तेराशे मिलीग्रॅम कॅल्शियम देऊनही भरपाई होत नाही. अन्न वाढवणं हाच उपचार. पंधरा वर्षांची झाली तरी पाळी आली नाही, किंवा आलेली पाळी तीन महिन्यांहून जास्त थांबली, तर 'या वयात असं होतंच' म्हणून सोडून देऊ नये. सरावाच्या दिवसांत पाळी थांबणं हे मेहनतीचं लक्षण आहे असं सांगणारे प्रशिक्षक अजूनही आहेत. ते चूक सांगतात.

शेवटी तपासण्यांबद्दल. रक्तातलं कॅल्शियम तपासून 'नॉर्मल आलं' म्हणून निश्चिंत होणं ही सर्वांत प्रचलित फसगत. खाण्यात कॅल्शियम कमी पडलं की पॅराथायरॉइड संप्रेरक हाडांतून काढून रक्तातली पातळी जागेवर ठेवतं, त्यामुळे अहवाल ठीक येतो आणि हाड रितं होत राहतं. मुलीला किती मिळतं हे कळायला तीन दिवसांच्या खाण्याची वही जास्त खरं सांगते. त्यात एक दिवस सुट्टीचा असावा. अल्कलाइन फॉस्फटेज (हाड घडताना रक्तात वाढणारं विकर) मात्र वाढीच्या वयात प्रौढांपेक्षा जास्तच असतं. प्रौढांच्या मर्यादेशी ताडून छापलेल्या 'हाय'ने घाबरू नये. टाचेवर ठेवायच्या अल्ट्रासाउंड यंत्रावरून मुलींना 'हाडं कमकुवत' असं प्रमाणपत्र देऊ नये. डेक्सा तपासणी (क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणं) करायचीच असेल तर टी-स्कोअर निरर्थक, कारण तो तरुण प्रौढ स्त्रीशी तुलना करतो आणि बारा वर्षांची मुलगी त्यात नेहमीच कमी भरणार. तिच्यासाठी वयाशी तुलना करणारा झेड-स्कोअर वापरतात, आणि मुलगी बुटकी असेल तर उंचीची दुरुस्ती करून. नुसत्या कमी घनतेवरून मुलांत ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचं, निदान करत नाहीत. मोठ्या दुखापतीशिवाय मणका दबलेला असेल, किंवा झेड-स्कोअर उणे दोन वा त्याखाली असून दहाव्या वर्षापर्यंत लांब हाडं दोनदा, एकोणिसाव्या वर्षापर्यंत तीनदा मोडली असतील, तर ते निदान होतं. पाय धनुष्यासारखे वाकणं, मनगटं जाड दिसणं, जिना चढताना मांड्यांत ताकद नसणं, पाठ सतत दुखणं, किंवा किरकोळ धक्क्याने हाड मोडणं यांपैकी काही दिसलं तर तपासणीचं काम डॉक्टरांचं, आणि आधी गोळ्या सुरू करून मग जाऊ नये. ड जीवनसत्त्वाचा, फॉस्फेटचा आणि पॅराथायरॉइडचा खरा आकडा त्याने झाकला जातो.

आपली,
एक आहारतज्ज्ञ वाचक